वानवळा की फी?

"पाटी इथं आहे म्हणून हद्द इथंच संपते असं नाही, किसन. पाटी रंगाऱ्याला जिथं सावली मिळाली तिथं त्यानं ठोकली असेल. हद्द पुढं मोरीपाशी संपते."

"आरं, मग मोरीपासनं मोज."

"मोरीच्या अलीकडून की पलीकडून?"

मे महिन्याचं ऊन, घाटाचा पायथा आणि आमचे हे रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून मोरीवरचा नंबर वाचताहेत. डोक्यात हेल्मेट तसंच. हे म्हणजे हेमंत दाबके, साताऱ्यातले जुने चार्टर्ड अकाउंटंट. कुठलंही काम बोटभर असलं तरी हातभर करायचं, हा ह्यांचा स्वभाव. लग्नात मंगळसूत्र घालतानासुद्धा ह्यांनी वाट्या समोर आल्यात का ते दोनदा पाहिलं होतं.

शेजारी उभे होते किसन उत्तेकर, ह्यांचे शाळेपासूनचे मित्र. वर पठारावर त्यांचं गाव. लहानपणी ते साताऱ्यात बोर्डिंगात राहून शिकायचे, आणि दोघं एका बाकावर बसायचे. किसनभाऊजींना गावाहून येणाऱ्या भाकरीवर ह्यांचं निम्मं शिक्षण झालं, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. भाऊजी दहावीनंतर शेतीकडे वळले, हे आकड्यांकडे वळले, पण दोस्ती तशीच राहिली.

त्या दिवशीचं काम असं होतं. भाऊजींची पठारावरची जमीन एका हॉटेलवाल्याला हवी होती. पैसे चांगले येत होते. त्यातून भाऊजींना मुलाला, प्रवीणला, मंडपाचा धंदा टाकून द्यायचा होता. प्रश्न एकच होता, टॅक्स बसणार का?

"हे बघ," ह्यांनी आदल्या दिवशी आमच्या ओसरीवर समजावलं होतं, "शेतजमीन शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतराच्या बाहेर असली तर ती विकून आलेल्या पैशावर टॅक्स नाही. आपल्या साताऱ्यासाठी ते अंतर सहा किलोमीटर. तुझं शेत सहाच्या बाहेर असेल तर तू राजा."

"मग हाय की भाईर. समदा घाट चढून जावं लागतंय."

"अंदाजपंचे चालत नाही, किसन. मी स्वतः मोजणार."

म्हणून ही वरात. पुढे भाऊजींची मोटरसायकल, मागे आमची स्कूटर, आणि स्कूटरच्या मागच्या सीटवर मी. टॅक्सशी माझा काही संबंध नव्हता. पठारावर करवंदं पिकली होती, एवढ्यासाठी मी निघाले होते.

मोरी अलीकडची की पलीकडची ह्याचा निकाल लागेना, तेव्हा हे पलीकडच्या चहाच्या टपरीवर जुन्याजाणत्या माणसाला विचारायला गेले. भाऊजींनी तेवढ्यात स्कूटरचा स्टँड काढला.

"चला वैनी, समोरच्या पंपावर हवा बघून घेऊ. घाट हाय."

पंपावर हवा बघून झाली, आणि मग भाऊजी पोऱ्याला म्हणाले, "टाकी फुल्ल कर." मी नको नको म्हणतेय तोवर त्यांनी पैसे देऊनही टाकले.

"अहो भाऊजी, हे काय? ह्यांना कळलं तर रागावतील."

"म्हणून तर त्येला सांगायचं न्हाई. माझ्या कामाला गाडी काढलीय त्यानं. मला फुकटात काम करून घ्यायचं न्हाई, आन त्यो पैसं घ्यायचा न्हाई."

"आणि तुम्ही दर वर्षी टोपली पाठवता ती?"

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारलं ते चुकलंच म्हणायचं. "त्यो वानवळा झाला, वैनी. वानवळा येगळा, काम येगळं. शप्पत घ्या, सांगायचं न्हाई."

मी घेतली शपथ. तोवर हे टपरीवरून विजयी मुद्रेनं परत आले. हद्द मोरीच्या पलीकडच्या कठड्यापाशी संपत होती.

मग आम्ही घाट चढलो. प्रत्येक वळणावर हे मीटर बघायचे आणि मी ओरडायचे की रस्त्याकडे बघा. शेताच्या बांधावर पोचलो तेव्हा साडेसात किलोमीटर झाले होते. ह्यांनी हेल्मेट काढून हवेत उडवलं.

"किसन, तू राजा!"

शेवंतावैनींनी, म्हणजे भाऊजींच्या बायकोनं, पिठलं-भाकरी केली होती. मी करवंदांनी पदर भरून घेतला. जमीन विकली गेली, प्रवीणच्या मंडपाच्या खुर्च्या आल्या, कमानी आल्या, मोठाली पातेली आली. आणि आमचे हे पुढचे दोन आठवडे येईल त्याला सांगत होते, "स्कूटर म्हातारी झाली, पण ॲव्हरेज काय देतेय! घाट चढून आलो, तरी काटा हलायला तयार नाही." मी पोळ्या लाटत होते. शपथ घेतली होती ना.

वानवळ्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. शेतात काही नवं आलं की त्यातलं पहिलं थोडंसं आपल्या माणसांकडे पाठवायचं, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. उत्तेकरांकडून बांबूची एक टोपली यायची. कधी घेवडा, कधी नवा तांदूळ, कधी नाचणी, कधी जांभळं. आणि माझ्या घरून ती टोपली कधी रिकामी गेली नाही. बेसनाचे लाडू, मेतकूट, लिंबाचं लोणचं, दिवाळीत चकल्या. एकदा घरात खरोखरच काही नव्हतं, तेव्हा साखरेची पुडी घातली, पण रिकामी दिली नाही. शेवंतावैनी लाडवांबद्दल निरोप पाठवायच्या, "वैनींना सांगा, यंदा वेलची जरा जास्त झाली." मला राग यायचा, आणि पुढच्या वेळी मी वेलची कमी घालायचे.

जमीन विकून तीन वर्षं झाली, तेव्हा खालच्या उरलेल्या तुकड्यातला घेवडा घेऊन अशीच एक टोपली आलेली होती. घेवडा आमटीत गेला होता आणि टोपली ओट्यावर होती, तेव्हा भाऊजी हातात एक लखोटा घेऊन आले.

"हेमंता, टॅक्सवाल्यांनी काय पाठिवलंय बघ."

ह्यांनी वाचलं. हसले. "काही नाही रे. अंतर चुकीचं धरलंय त्यांनी. चार किलोमीटर म्हणताहेत. नकाशावर पट्टी ठेवून मोजलंय बहुतेक. अरे, माणूस काय उडत जातो?"

मग हे कपाटाकडे गेले, त्या वर्षीचं कायद्याचं पुस्तक काढलं, उभ्या उभ्या वाचलं, आणि खाली बसले. मी चहा ठेवला तो निवून गेला.

"उडतच जातो," शेवटी हे म्हणाले. "आपण मोजलं त्याच्या आधीच्या वर्षी नियम बदललाय. पूर्वी रस्त्यानं मोजायचे. आता सरळ रेषेत, कावळा उडतो तसं. त्या वर्षीचं पुस्तक मी सगळं वाचलं, किसन. हे एवढं कलम वाचलं नाही, कारण ते मला पाठ होतं."

घाट वळणावळणाचा होता म्हणून साडेसात भरले होते. सरळ रेषेत भाऊजींचं शेत जवळजवळ आमच्या गच्चीच्या डोक्यावर होतं.

"बरं मग," भाऊजी म्हणाले, "टॅक्स भरावा लागंल. किती?"

ह्यांनी आकडा सांगितला. भाऊजी खुर्चीत जरा मागे सरकले. तेवढ्यासाठी प्रवीणचा सगळा मंडप विकावा लागला असता, खुर्च्यांपासून पातेल्यांपर्यंत.

"आणि ऐक," हे म्हणाले, "ह्याहून वाईट आहे. मी तेव्हाच बरोबर सांगितलं असतं, तर त्या पैशात दुसरी शेतजमीन घेऊन तुला टॅक्स वाचवता आला असता. त्याला दोन वर्षांची मुदत असते. ती गेली. हे नुकसान माझ्यामुळे झालंय."

"आसूं दे रं. तू मुद्दाम केलंस व्हय?"

"असू दे कसं? तू माझ्यावर केस कर."

मला वाटलं, ह्यांना चक्कर आली. पण ह्यांच्या डोक्यात हिशोब झाला होता. ह्यांनी बरीच वर्षं एक विमा चालवला होता. अकाउंटंटनं चुकीचा सल्ला दिला, त्यात अशिलाचं नुकसान झालं आणि कोर्टानं जबाबदार धरलं, तर विमा कंपनी भरपाई देणार. दर वर्षी हप्ता भरताना मी म्हणायचे, ह्या पैशात माझी एक साडी आली असती. आता तो विमा कामाला येणार होता. ह्यांनी कंपनीला सगळं खरं खरं लिहून कळवलं. कंपनीचं उत्तर आलं, ग्राहक मंचानं तुम्हाला जबाबदार धरलं तरच आम्ही पैसे देऊ, आणि तोवर तुम्ही स्वतः चूक कबूल करायची नाही. बोलायचं ते आमचा वकील बोलेल.

झालं. भाऊजींनी मंचाकडे तक्रार केली. कागदावर भाऊजी झाले तक्रारदार आणि आमचे हे झाले सामनेवाले. एका बाकावर बसणारी दोन पोरं म्हातारपणी समोरासमोर बसली.

कंपनीनं पुण्याहून वकील पाठवला, ॲडव्होकेट सबनीस. तरुण, चुणचुणीत, बुटांत तोंड दिसेल असा. त्यानं घरी बसून माझ्या हातचे पोहे खाल्ले आणि एक प्रश्न विचारला. "दाबकेसाहेब, तुम्ही उत्तेकरांकडून फी किती घेतलीत?"

"फी? किसनकडून? छे!"

सबनीसांचा चेहरा असा खुलला की मी त्यांना अजून पोहे वाढले. "मग केस संपली. ग्राहक मंचात मोबदला देऊन घेतलेल्या सेवेबद्दलच दाद मागता येते. फुकट दिलेल्या सल्ल्याबद्दल नाही. मित्रानं मित्राला ओसरीवर काहीतरी सांगितलं, एवढंच झालं हे."

"काहीतरी सांगितलं?" हे चिडले. "मी मोजून सांगितलं!"

"ते तुम्ही बोलायचं नाही, साहेब."

तिकडे भाऊजींच्या वकिलाच्याही हे लक्षात आलं होतं. फी दाखवल्याशिवाय केस उभी राहत नव्हती. मग त्यानं काय केलं, तर भाऊजींच्या प्रतिज्ञापत्रात लिहिलं की तक्रारदार दर वर्षी सामनेवाल्यांना फीपोटी धान्य, कडधान्ये व फळे देत असत. त्याची प्रत आमच्या घरी आली, आणि मी वाचली.

इतका संताप मला आयुष्यात क्वचित आला असेल. "फीपोटी? म्हणजे इतकी वर्षं मी तुमची फी शिजवून वाढत होते? आणि माझे लाडू काय होते, पावती?"

"अगं, वकील लिहितात तसं. फी ठरली तर किसनला पैसे मिळतील."

"मिळू देत. पण टोपलीला फी म्हणायचं नाही."

हे त्या कागदाची घडी घालत राहिले. ह्यांनाही ते लागलं होतं, मला माहीत आहे.

दोन्ही वकिलांनी ताकीद दिली होती, केस चालू आहे तोवर येणंजाणं बंद. देवाणघेवाण तर मुळीच नाही. भाऊजी यायचे थांबले. शेवटची टोपली आमच्याकडेच राहिली. न्यायला कोणी येईना, आणि तिच्यात काय घालून पाठवावं ते मला सुचेना. मी ती स्वयंपाकघरात खुंटीला अडकवून ठेवली. त्या वर्षी मंडईत जाऊन मी पहिल्यांदा घेवडा विकत घेतला. पिशवीत पडताना बघून मला तिथंच रडू आलं. भाजीवाली म्हणाली, "महाग वाटतोय का बाई? दोन रुपये कमी देते."

मंचापुढे साक्ष द्यायला सबनीसांनी मलाच बोलावलं. टोपल्यांचं येणंजाणं घरातल्या बाईइतकं कुणाला ठाऊक असणार? "काकू, तुम्ही फक्त खरं सांगा," ते म्हणाले. "खरं आपल्या बाजूचं आहे." आणि दुःख तेच होतं. खरं त्यांच्या बाजूचं होतं. टोपली वानवळ्याची होती असं मी सांगितलं की भाऊजींचा दावा गेला. फीची होती असं सांगितलं की ते धडधडीत खोटं, तेही शपथेवर. आदल्या संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, "काय सांगू?"

"तुला विचारतील ते, जसं असेल तसं."

"आणि प्रवीणचा मंडप?"

ह्यांनी चष्मा काढून पुसला. "आपलं घर विकून देऊ त्याला. पण तू खोटं बोलू नकोस." हे गमतीनं म्हणाले नव्हते.

मंचाची खोली छोटी होती. मध्ये अध्यक्षबाई, दोन्ही बाजूंना एक एक सदस्य. डावीकडच्या बाकावर भाऊजी, इस्त्रीचा सदरा घालून, टोपी हातात घेऊन. उजवीकडे हे. मी शपथ घेतली आणि उभी राहिले.

"काकू," सबनीसांनी गोड आवाजात सुरुवात केली, "उत्तेकरांकडून तुमच्याकडे काय यायचं?"

मी सांगितलं.

"त्याचं माप ठरलेलं असायचं का? इतकं काम, इतका तांदूळ?"

"छे हो. जे पिकेल ते. एका वर्षी पीक गेलं, तर मूठभर नाचणी आली होती. तिचे मी लाडू करून परत त्यांच्याकडेच पाठवले."

"म्हणजे टोपली रिकामी परत जात नसे?"

मी भाऊजींकडे पाहिलं. ते खाली बघत होते. रिकामी जायची, एवढे दोन शब्द बोलले असते तर त्यांचं काम झालं असतं. पण माझ्या तोंडून ते निघेनात. खरं सांगू? सत्याची चाड होतीच, पण त्याहून जास्त मला हे सोसवेना की दाबक्यांच्या घरून टोपली रिकामी जाते असं सरकारदरबारी लिहिलं जावं.

"रिकामी?" मी म्हणाले. "माझ्या घरून? अहो, लाडू जायचे, लोणचं जायचं, मेतकूट जायचं. काही नसलं तर साखर जायची. शेवंतावैनींना विचारा, वेलची कधी जास्त झाली होती तेसुद्धा त्या सांगतील."

अध्यक्षबाई किंचित हसल्या. टाइप करणाऱ्या मुलीनं 'मेतकूट' परत विचारून घेतलं. भाऊजींनी टोपी गुडघ्यावर ठेवली आणि मान आणखी खाली घातली. मी खरं बोलले होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सबनीस इथं थांबले असते तर जिंकले असते. पण माणूस तरुण होता, आणि गाडी उतारावर होती. "म्हणजे, काकू, ह्या शेतजमिनीच्या कामापोटी उत्तेकरांनी आपल्या पतीला काहीही दिलं नाही. बरोबर?"

मला पंप आठवला. पोऱ्या आठवला. शप्पत घ्या म्हणणारे भाऊजी आठवले. पंपावर घेतलेली शपथ एक, इथं घेतलेली एक. ह्यातली कुठली मोडायची?

"काकू? बरोबर ना?"

"पैसे दिले नाहीत," मी म्हणाले. "पेट्रोल दिलं."

सबनीसांचा हात हवेतच राहिला. "काय दिलं?"

"अंतर मोजायला गेलो त्या दिवशी भाऊजींनी आमच्या स्कूटरमध्ये पेट्रोल भरलं. ह्यांना माहीत नाही. मला सांगू नका म्हणाले होते. माफ करा हं भाऊजी, पण इथं शपथ मोठी दिसतेय."

आमचे हे बाकावरून अर्धे उठले होते. अध्यक्षबाईंनी पेन हातात घेतलं.

"कशासाठी भरलं, काही बोलले होते का ते?"

"हो. म्हणाले, माझ्या कामाला गाडी काढलीय, मला फुकटात काम करून घ्यायचं नाही. मी विचारलं, मग टोपली? तर म्हणाले, वानवळा वेगळा, काम वेगळं."

सबनीस घाईघाईनं म्हणाले, "मॅडम, हा तर निव्वळ प्रवासखर्च झाला. जितकं जाळलं तितकं भरलं."

"किती भरलं होतं?" अध्यक्षबाईंनी मला विचारलं.

"टाकी फुल्ल."

"अंतर किती गेलात?"

"साडेसात किलोमीटर, जाऊन येऊन दुप्पट."

"एवढ्याला स्कूटरला किती पेट्रोल लागतं?"

हा प्रश्न मला होता, पण आकड्याचा प्रश्न खोलीत पडल्यावर आमचे हे गप्प राहतील तर ते हेमंत दाबके कसले? "अर्ध्या लिटरच्या आत, मॅडम!" हे बोलून गेले. सबनीसांनी कपाळावर हात मारला. आणि मग ह्यांच्या डोक्यात बाकीचा हिशोब पूर्ण झाला असावा, कारण हे माझ्याकडे वळून भर मंचात ओरडले, "म्हणजे ते ॲव्हरेज...!"

खोलीत सगळे हसले. टाइप करणारी मुलगी हसली, भाऊजींचा वकील हसला. अध्यक्षबाईंनी टेबलावर टकटक केलं, पण त्याही हसत होत्या.

"उत्तेकर," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही प्रतिज्ञापत्रात का नाही सांगितलंत?"

भाऊजी उभे राहिले. "वकीलसायबांनी फी दिली का इचारलं, बाई. पेट्रोलचं कुणी इचारलंच न्हाई. आन हेमंताम्होरं कसं सांगायचं? त्यानं माघारी दिलं आसतं."

निकाल काही महिन्यांनी लागला. कामापोटी भरलेलं पेट्रोल हा मोबदला ठरला, सेवा फुकट नव्हती, आणि बदललेला नियम न पाहता सल्ला देणं हा सेवेतला निष्काळजीपणा ठरला. नुकसान विमा कंपनीनं भरायचं, आणि पॉलिसीप्रमाणे त्यातला लहान वाटा ह्यांनी स्वतः. कंपनीनं अपील केलं नाही. सबनीसांनी फोनवर सांगितलं, "वरच्या ऑफिसला ते पेट्रोल समजावून सांगण्यापेक्षा पैसे देणं सोपं, काकू." प्रवीणच्या मंडपातली एक खुर्चीसुद्धा हलली नाही.

निकालाची प्रत हातात आली त्याच दिवशी भाऊजी दारात हजर. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, आणि दोघं मित्र अवघडून एकमेकांकडे बघत राहिले.

"वाच की," भाऊजी म्हणाले. "मला विंग्रजीगत वाटतंय त्ये मराठी."

ह्यांनी चष्मा लावला. 'निष्काळजीपणा' हा शब्द आला तेव्हा ह्यांनी चष्मा जरा सारखा केला, पण वाचला, चुकवला नाही. इतक्या वर्षांच्या कामात ह्यांच्या नावापुढे असा शब्द कधी आला नव्हता. भाऊजी नुसते ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसले.

मग ह्यांनी पुढचा परिच्छेद वाचला. "'तक्रारदार दर वर्षी पाठवीत असलेले धान्य व फळे ही फी होती, हे तक्रारदाराचे म्हणणे मंचास मान्य करता येत नाही. टोपली कधीही रिकामी परत जात नसे, ह्या साक्षीवरून सदर वानवळा हा मोबदला नसून उभय कुटुंबांमधील स्नेहाचा भाग होता, असे मंचाचे स्पष्ट मत आहे.'"

"परत वाच," भाऊजी म्हणाले.

ह्यांनी परत वाचलं. मी आत गेले, कारण मला डोळे पुसायचे होते. आम्ही एकमेकांचे आहोत असं खाली सही-शिक्का मारून लिहून मिळालेली दोन घरं सबंध साताऱ्यात दुसरी नसतील. तेही एका घरानं दुसऱ्यावर केस केल्यामुळे.

खुंटीवरची टोपली काढून मी झटकली. सकाळीच लाडू वळले होते. वेलची बेतानं घातली होती. टोपली भरून वर फडकं बांधलं आणि भाऊजींपुढे आणून ठेवली.

"उशीर झाला, भाऊजी. शेवंतावैनींना सांगा, रागावू नका."

भाऊजींनी टोपली उचलली, पायरी उतरले, आणि थबकले. जमीन गेली होती, पण खालच्या बाजूचा एक तुकडा त्यांच्याकडे अजून होता.

"हेमंता, त्या राहिलेल्या तुकड्याचं एक इचारायचं हुतं. सहज."

"सहज नाही," हे म्हणाले. आत जाऊन हे स्कूटरची किल्ली घेऊन आले आणि भाऊजींच्या हातावर ठेवली. "आधी टाकी फुल्ल करून आण. मग सांगतो, आणि चुकलं तर भरून देतो."